तुळईपर्यंत जळण

१४ एप्रिल

ही वही इरिसची, तिच्या शाळेच्या दिवसांतली. पहिल्या चार पानांवर तिचे भागाकार आहेत, त्यातले बरेचसे चुकलेले. पाचव्या पानापासून मी.

दुपारी दोन्या मेलानियाच्या दुकानातून पुएर्तो मोन्तच्या दवाखान्यात फोन लावला. बेटाच्या आमच्या बाजूला तेवढा एकच फोन. माझ्या बायकोचं, सुनिल्दाचं, ऑपरेशन झालं. खुब्यात लोखंड घातलंय, ते नीट बसलंय. पण पाठोपाठ न्यूमोनिया झाला, आणि डॉक्टर म्हणतात, यंदाच्या हिवाळ्यात तिला ओल सोसायची नाही. धूर तर नाहीच नाही. दवाखान्यातून सुटली की ती इरिसकडे जाणार, चौथ्या मजल्यावर. आमची लेक हे सगळं नीट समजावून सांगत होती. शेवटी तिने विचारलं, "पप्पा, घरी चूल कोण सांभाळणार? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त काय काय भरलं होतं ते मला कळलं. सत्तावीस वर्षं मी दक्षिणेला, मागालानेसमध्ये, तेलाच्या छावणीवर स्वयंपाकी होतो. रोज दीडशे माणसांचं जेवण. पण तिकडे गॅस जमिनीतूनच येतो, विस्तव म्हणजे एक बटण. घरी यायचो वर्षातून एकदा, महिनाभर. तेव्हा चूल पेटलेलीच असायची. ती कोण पेटवतं, कशावर पेटवतं, हे मी कधी विचारलं नाही. रिटायर होऊन आलो त्याला आता सात महिने झाले, तरी विचारलं नाही.

सुनिल्दाला फोन द्यायला सांगितलं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्या, मला घरी ने रे."

मग मी इरिसशी करार केला. भर हिवाळ्यात येणाऱ्या चोवीस जूनच्या सान हुआनच्या सणाआधी आमची लाकडाची खोप सुक्या जळणाने तुळईपर्यंत भरलेली असेल. असली तर आई घरी. नसली तर घराला कुलूप, आणि मीसुद्धा चौथ्या मजल्यावर. इरिस हसली, पण हो म्हणाली.

मी फोनवर बोलत होतो तेव्हा दोन्या मेलानिया मागे कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. खुराडं पत्र्याच्या भिंतीला लागूनच आहे. फार रीतभात असलेली बाई.

१५ एप्रिल

खोपीत जळण गुडघ्याइतकं. सुनिल्दा दरवर्षी लाकडं मार्चमध्ये आत रचते. यंदा मार्चमध्येच बटाट्याचं पोतं घेऊन येताना घसरली.

विकत घेण्यात अर्थ नाही. या दिवसांत ज्याच्याकडे सुकं लाकूड आहे तो ते आपल्याच चुलीत घालतो. ट्रकवाले विकतात ते भिजकं, म्हणजे पाणीच विकत घ्यायचं. शिवाय पेन्शनीचे पैसे दवाखान्यात गेले. तेव्हा ठरलं: फुकटचं जळण. या बेटावर लाकूड काही कमी नाही. समुद्रकाठी पडलेलं असतं, कुंपणात कुजत असतं, वादळाने आडवं होतं. फक्त नजर हवी. ती माझ्याकडे आहे. दीडशे माणसांना शिळ्या पावाचं पुडिंग घालून आणखी मागायला लावणारा माणूस आहे मी.

१७ एप्रिल

अवजारांची मोजदाद. सासऱ्यांची लांब करवत, दोन मुठींची. पलीकडून ओढायला दुसरा माणूस लागतो. कुऱ्हाड एक, पातं दांड्यावर डुगडुगणारं. पाचरी तीन. हातगाडी, चाकात हवा नाही. आणि एक बिरलोचे, चिखलातून ओढायची लाकडी घसरगाडी. ती ठणठणीत आहे, पण तिला बैलजोडी लागते.

चोन्ची गावातल्या गॅरेजात जाऊन माझा रेडिओ दिला आणि पेट्रोलवरची करवत घेतली. गॅरेजवाला म्हणाला, "आवाज तुमच्या रेडिओपेक्षा चांगला देते."

१९ एप्रिल

करवत चालते पण कापत नाही. कुंपणाच्या जुन्या खांबावर पाऊण तास धरली. धूर भरपूर, खाच नखाएवढी. लाकूड फारच कठीण असणार असं मनात आलं.

शेजारचा बालदोमेरो ओयार्सो बैल घेऊन चालला होता. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले सहा बैलांशी. कुंपणाशी थांबला, बराच वेळ पाहत राहिला.

"शेजारी," तो म्हणाला, "चेन उलटी बसवलीय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"बरं," तो म्हणाला आणि गेला. सुलटी केल्यावर लोण्यासारखं कापलं. नाचता येईना अंगण वाकडं!

२४ एप्रिल

पाच दिवस समुद्रकाठचं लाकूड गोळा केलं. हातगाडीत गवत कोंबून चाक चालतं केलं. अठरा खेपा. खोपीत रचलं तेव्हा छाती फुगली होती.

संध्याकाळी त्यातलं थोडं चुलीत घातलं. फुसफुसलं, रडलं, हिरवी ज्योत दिली आणि घर धुराने असं भरलं की मांजर खिडकीतून बाहेर गेलं आणि मी दारातून. खारं लाकूड! दोन्या मेलानिया म्हणाली की याने धुराडंसुद्धा दोन वर्षांत गंजतं. "लहान मुलाला कळतं हे, गॅसवाले." हे माझं नवीन नाव. वाडीत सगळ्यांनी उचललंय.

अंगणात बसून खोकत होतो तेव्हा सुनिल्दाची छाती डोळ्यांसमोर आली. हा धूर तिच्यासाठी मी घरात आणणार होतो. अठराच्या अठरा खेपा बाहेर काढल्या.

२ मे

आज सुनिल्दाला फोनवर सगळं सांगितलं. उलटी चेन, खारं लाकूड, मांजर. हसली, मग खोकली, म्हणून मी थांबलो. म्हणाली, "बालदोमेरोकडे जा की. सांग त्याला."

मी म्हणालो, "कुणापुढे हात पसरायचे नाहीत. सत्तावीस वर्षं नाही पसरले."

ती म्हणाली, "बरं. दोन्या मेलानियाला फोन दे जरा. कोंबड्यांचं विचारायचंय." आमच्या कोंबड्या सध्या दोन्या मेलानियाकडे आहेत. कोंबड्यांवर त्या दोघी वीस मिनिटं बोलल्या. बायका!

५ मे

आज नशीब उघडलं!

सकाळी आमच्या फाटकाजवळच्या वळणावर लाकडांचा ढीग. लूमा, जळणातली राणी. हातभर कापलेली, फोडलेली, टोकं करडी पडलेली, मध्ये कोळ्यांची जाळी. म्हणजे किमान वर्षभर सुकलेली. कुणाच्या तरी ट्रकमधून वळणावर सांडली, उघड आहे.

पण मी प्रामाणिक माणूस. दुकानात चिठ्ठी लावली: 'वळणावर लाकूड सापडले आहे. खूण पटवून न्यावे. हे. कार्कामो.' दोन्या मेलानियाने ती सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचली. बालदोमेरो मीठ घ्यायला आला होता. तो छताकडे बघत होता. कुणी काही बोललं नाही. फार सरळमार्गी माणसं, दुसऱ्याच्या लाकडावर हक्क सांगत नाहीत.

९ मे

चार दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही. लाकूड खोपीत.

१३ मे

कालच्या भरतीने समुद्रकाठी आणखी एक ढीग आणून टाकला. मी खारट म्हणून सोडून देणार होतो, पण जीभ लावून पाहिली, स्वयंपाक्याची जीभ! मीठ नाही. आणि कोरडं ठक्क. भरतीच्या रेषेच्या चांगलं वर, एकावर एक नीट रचल्यासारखं. माझा अंदाज असा: एखादी लाकूड नेणारी होडी कलंडली, लाटेने माल वर फेकला आणि वाऱ्याने सुकवला. समुद्राचे चमत्कार शहरातल्या माणसाला कळायचे नाहीत.

२० मे

देवळाच्या मागे वाळलेल्या फळ्यांचे तुकडे मिळाले, पेटवायला उत्तम. परवा ओढ्याच्या पुलाखाली एक रास. फुकट जळण शोधण्याची एक पद्धतच मला सापडली आहे. १. सकाळी लवकर निघावे. २. वळणे, पूल आणि आडोसे तपासावेत. ३. रात्री पाऊस पडला असला तरी झाकलेल्या जागी लाकूड कोरडे राहते. (पुलाखालच्या राशीवर तर कुणाचं तरी मेणकापड उडून येऊन बसलं होतं. चार कोपऱ्यांवर दगडही होते.)

बालदोमेरो भेटला तेव्हा त्यालाही ही पद्धत समजावून सांगितली. अर्धा तास उभा राहून ऐकलं बिचाऱ्याने, टोपी हातात घेऊन. म्हणालो, "तुमच्यासारखी माणसं रानात जाऊन दिवस दिवस झाडं तोडतात. डोळे उघडे ठेवले तर त्याची गरज नाही."

"ते आहेच," तो म्हणाला.

दर आठवड्याला सुनिल्दाला फोन करतो. दर वेळी शेवटी कोंबड्यांचं बोलणं निघतंच. तिला त्यांची इतकी ओढ असेल असं वाटलं नव्हतं.

२९ मे

खोप अर्ध्याच्या वर गेली. आज फोनवर इरिस होती. मी तिला म्हणालो, आईला सांग सामान आवर. ती म्हणाली, "पप्पा, खरं सांगा, कुणी मदत केली?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, "काडीचीसुद्धा नाही. मी एकट्याने, माझ्या घामाने भरलीय. या वाडीत कुणी कुणाचं नसतं. महिनाभर मी हातगाडी ढकलतोय, एक जण विचारायला आला नाही." थोडं जोरात बोललो असेन. मागे कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

मग सुनिल्दाने फोन घेतला. तिने सगळं ऐकलं होतं. "एकट्याने करतोयस ना?" ती म्हणाली. "मग कर हो एकट्याने." आणि दोन्या मेलानियाला बोलावून घेतलं. या वेळी बोलणं अर्ध्या मिनिटाचं. कोंबड्या ठीक असणार.

५ जून

आठवड्यात काहीच मिळालं नाही. वळण रिकामं. पूल रिकामा. समुद्राने फक्त शेवाळ आणलं.

८ जून

आजही नाही. पहाटे निघतो, दुपारी हात हलवत परत. खोप दोन तृतीयांशावरच अडलीय. सोळा दिवस उरले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण माझं कर्म काय चुकलं तेच समजत नाही.

रात्री सुनिल्दाची शाल खुर्चीवरून काढून पेटीत ठेवली. पुन्हा काढून खुर्चीवर टाकली.

९ जून

वादळ. पत्रे, फांद्या, सगळं उडालं. सकाळी पाहतो तर ओढ्याच्या उतारावर आमचं मोठं कोइगूएचं झाड मुळासकट आडवं! एवढ्या लाकडात खोप दोनदा भरेल. मी त्याच्या खोडावर बसलो आणि मोठ्याने हसलो. भिजत होतो, तरी हसलो.

१० जून

खोडाचे चार तुकडे केले. करवत तीनदा अडकली, एकदा बोट वाचलं. एक तुकडासुद्धा जागचा हलत नाही. लोखंडी पहार घेऊन सकाळभर ढकललं. हललो तो मीच, चिखलात. बिरलोचे आहे, पण बैल नाहीत. आणि लाकूड आतून पाणी गाळतंय.

११ जून

बालदोमेरोकडे गेलो. त्याच्या कुंपणाशी उभा राहून म्हणालो, "बैलजोडी एक दिवस हवी. किती घ्याल ते सांगा." आणि खिशातून नोटा काढल्या.

त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तो नोटांकडे पाहत राहिला, मग बैलांकडे.

"हे भाड्याचे नाहीत," म्हणाला आणि गोठ्याचं दार लावून घेतलं.

रागाने घरी आलो. पैसे दाखवले तरी मदत नाही म्हणजे कमाल आहे. मी म्हणत होतो तेच खरं.

१२ जून

दुकानात दोन्या मेलानियाने मला पीठ दिलं नाही.

"आधी बसा," ती म्हणाली. "बालदोमेरोला पैसे दाखवलेत? गॅसवाले, तुम्ही इथेच जन्मलात ना? का हेही मागालानेसला विसरून आलात?"

मी म्हणालो, मग काय करायचं होतं? ती म्हणाली, "मागायचं होतं. मिंगा मागायची, सगळ्या वाडीला एक दिवस कामाला बोलवायचं. तुमच्या बापाने मागितली नाही कधी?"

मागितली होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाप घासून आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून घरोघर गेला होता, आणि मी मागे. प्रत्येक घरी टोपी काढून तो म्हणाला होता की विनंती करायला आलोय. मला तेव्हा त्याची लाज वाटली होती. आज हे पहिल्यांदाच लिहितोय.

"पण कुणी आपणहून आलं असतं तर?" मी विचारलं.

"न बोलावता दुसऱ्याच्या अंगणात कुऱ्हाड घेऊन कोण जाईल? त्या घरात विचारणारं माणूस नाही असं म्हणण्यासारखंच ते. ज्याला हवंय त्याने यायचं, दिवस सांगायचा, काम सांगायचं, आणि आपल्याला काय जमत नाही ते सांगायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही." मग पिठाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "आणि जेवण चांगलं घालायचं. ते तरी येतं ना?"

१३ जून

आज पहाटेच उठलो.

आंघोळ केली. पांढरा सदरा घातला. बालदोमेरोच्या दारात टोपी काढली आणि काय बोलायचं ते सगळं विसरलो. शेवटी तोंडातून निघालं ते असं: "विनंती करायला आलोय. बुधवारी. झाड ओढायचं आहे. मला लाकडातलं काही कळत नाही, बालदोमेरो. चेन उलटी आहे हे मला माहीत नव्हतं. मला सुनिल्दा घरी हवी आहे."

त्याने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "आत या." मातेचा कडू चहा ओतला, मला दिला. त्यानंतर त्याने जेवढे शब्द वापरले तेवढे तो वर्षभरात वापरत नसेल.

"ज्या वर्षी माझं छप्पर उडालं, तेव्हा तुम्ही दक्षिणेला होतात. मी मिंगा मागायला तुमच्या घरी गेलो. पुरुषमाणूस नाही, तर काय मागायचं, म्हणून दारातूनच परत फिरत होतो. सुनिल्दा म्हणाली, 'मी आहे की.' पोटात इरिस होती, सातवा महिना. आम्ही तिला शिडीवर चढू दिलं नाही, तर दिवसभर खाली पावसात उभी राहून फळ्या वर देत राहिली. तेव्हापासून वाडीत एक मिंगा अशी झाली नाही की तुमच्या घरून कुणी आलं नाही. तीच यायची. दर वेळी."

मला हे माहीत नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. ती पत्रांत लिहायची: बटाटे बरे आले, गाय व्याली, पाऊस आहे.

मी उठताना तो म्हणाला, "ते झाड यंदा जळायचं नाही, ओलं आहे."

चोवीस तारखेला अकरा दिवस, आणि झाड ओलं. पण तो पुढे म्हणाला, "आम्ही ते वाटून नेऊ. पुढच्या वर्षी सुकेल. तेवढं सुकं आमच्या खोपींतून तुमच्याकडे येईल. बाकीच्यांना सांगताना हेही मागा."

अकरा घरी गेलो. अकरा वेळा टोपी काढली. पाचव्या घरापासून जड वाटेनासं झालं.

१६ जून

उद्या मिंगा. वीस किलो बटाटे किसले, मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी. मेंढी दोन्या मेलानियाच्या भाच्याने दिली. चुलीवर चाळीस माणसांचा रस्सा शिजवायचाय आणि बटण कुठेच नाही. आच कमी करायची म्हणजे नक्की काय करायचं? लाकूड बाहेर ओढलं तर धूर, आत ढकललं तर रस्सा करपतो. दीडशे माणसांचा स्वयंपाकी आज एका चुलीपुढे शेंबड्या पोरासारखा उभा होता.

१७ जून

पाऊस होता. सकाळी आठला पहिले बैल आले, मग पुढचे, मग आणखी. नऊ जोड्या, नऊ बिरलोचे. प्रत्येकीवर सुकं लाकूड, वर मेणकापड. लाकूड उतरवायचं, ओढ्याकडे जायचं, कोइगूएचा तुकडा लादायचा, चढावर ओरडत ओढायचा. दोघीजणी खोपीत रचत होत्या. मी मध्ये मध्ये करत होतो, म्हणून मला चुलीवर पाठवलं.

एकदा पातेलं उतरवून बाहेर आलो तर बालदोमेरो त्याचं लाकूड उतरवत होता. लूमा. हातभर, तिरकी फोडलेली. मी एक उचलून पाहिली. मग खोपीत जाऊन वळणावर सापडलेल्यांपैकी एक काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. एकाच हाताने फोडलेल्या होत्या. आणि पुलाखालच्यासारखीच लाकडं ज्याच्या बिरलोचेवर होती, तो माझ्याशी नजरच मिळवत नव्हता.

ट्रक नव्हताच. होडीही नव्हती. आणि मी या माणसाला फुकट जळण शोधायची पद्धत शिकवली होती, अर्धा तास.

ती दोन्ही लाकडं हातात घेऊन मी त्याच्याजवळ गेलो. तोच म्हणाला, "शेजारी, रस्सा करपतोय."

थोडा करपलाच होता. सगळ्यांनी दोनदा घेतला. सफरचंदाची चिचा प्यायली, एकाने अकॉर्डियन काढलं. मी रडलो. चुलीपुढे असल्यामुळे कुणाला कारण विचारावं लागलं नाही.

लाकूड तुळईला टेकलं. त्यांनी माझ्यावर एवढी दया का केली ते मात्र मला अजून नीट समजलेलं नाही. आणि मध्येच दहा-बारा दिवस का थांबले होते, तेही.

१९ जून

फोन. इरिसला म्हणालो, "खोप भरली. मी नाही भरली, वाडीने भरली. मी एकोणतीस तारखेला... नाही, मेच्या एकोणतीसला तुला खोटं सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं ते." मागे कोंबड्या कलकलल्या. इरिस म्हणाली, "मंगळवारच्या फेरीबोटीने आणते तिला."

२३ जून

आली. बोटीवरून बालदोमेरोच्या बिरलोचेवर खुर्ची बांधून आणली, वर दोन घोंगड्या. बारीक झालीय. वाटेत प्रत्येक फाटकाशी थांबवून बोलायची. एका मैलाला दीड तास.

घरात नेण्याआधी म्हणाली, खोप दाखव. दाखवली. तुळईपर्यंत, मध्ये फट नाही, सुक्या लाकडाचा वास. माझी नजर तिच्या चेहऱ्यावर. तिने एकदा वरून खाली पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"तू स्वतः गेलास मागायला?"

"हो."

"बालदोमेरोच्या दारात? टोपी काढून?"

"काढली ना! अकरा घरी काढली."

तिने माझा हात इतका घट्ट धरला की ही बाई आजारी होती यावर विश्वास बसेना. "मेलानियाने सांगितलं होतं," ती म्हणाली, "पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

एवढी भरलेली खोप समोर, आणि हिला माझ्या टोपीचं पडलंय. तिची छाती साफ आहे. चूल धूर करत नाही. इरिसने चारही खोल्या फिरून पाहिल्या, भिंतीला हात लावून पाहिला, आणि आईची औषधं कपाटात लावून टाकली.

२ जुलै

इरिस परवा गेली. रोज सकाळी सुनिल्दा खुर्चीत बसून मला चूल शिकवते. "बारीक आधी, मग जाड. झडप अर्धी. अर्धी म्हटलं, म्हाताऱ्या! तिकडे अर्धा किलो तरी कळत होता का तुला?" सुखात आहे मी.

आज दुपारी दारावर थाप. दोन्या मेलानिया. धुतलेला झगा, केस ओले विंचरलेले, हातात नुकत्याच भाजलेल्या पावाचं फडकं. एरवी ही बाई ओरडत मागल्या दाराने शिरते. आज उंबऱ्याबाहेर उभी होती.

तिला पाहताच सुनिल्दा सवयीने काठीवर भार देऊन उठू लागली.

"तू बस ग," दोन्या मेलानिया म्हणाली. "मी तुझ्याकडे नाही आले."

मग माझ्याकडे पाहून, अगदी सावकाश, देवळात बोलावं तशी बोलली, "हेराल्दो कार्कामो, विनंती करायला आलेय."

चुलीतल्या लाकडाचा आवाज येत होता. सुनिल्दा काठी धरून तशीच अर्धी उठलेली, माझ्याकडे बघत होती. मी पुढे होऊन पाव दोन्ही हातांत घेतला आणि म्हणालो, "येईन."

कुठल्या दिवशी, कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.